नळाला पाणी आलं की कोण धावतं?

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीत नळाला पाणी आलं की पहिली हाक बहुधा कन्नडमध्ये उठते, ‘नीर बंतु!’ आणि तिच्या पाठोपाठ मराठीत. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून लांबतं, आणि वेळेचा भरवसा नाही. कधी पहाटे चारला, कधी ऐन दुपारी. हाक आली की घराघरांतून कुणीतरी धावतं. लग्न होऊन या गल्लीत आले त्याला एकोणीस वर्षं झाली. धावणारे पाय कुणाचे, हे मी तेव्हापासून बघतेय.

हे लिहायला निमित्त मात्र एका सरकारी आकड्याचं झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत देशाच्या वेळवापर सर्वेक्षणाचे नवे आकडे आले. बायका रोज २८९ मिनिटं घरकाम करतात आणि पुरुष ८८, अशी बातमी सगळीकडं फिरली. मी काम करते त्या पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत त्यावर वाद झाला. एकजण म्हणाले, ‘आमच्या घरात असं नाही.’ शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडं तर अठ्ठ्याऐंशीसुद्धा नाहीत.’ दोघंही खरं बोलत असतील, कारण सरासरी ही कुणा एकाच्या घराची नसते. म्हणून आधी तो आकडा नीट बघू.

२८९ आणि ८८: हे मोजलं कसं?

वेळवापर सर्वेक्षण म्हणजे माणसाचे चोवीस तास कशात गेले याची नोंद. सरकारी कर्मचारी घरी येतात आणि आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाला तुम्ही काय केलंत ते विचारतात. सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारतात. देशभर असं पहिलं सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं, दुसरं २०२४ मध्ये. ‘बिनपगारी घरकाम’ म्हणजे घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक, धुणं-भांडी, झाडलोट, बाजारहाट. मुलांचं आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांचं बघणं यात धरलेलं नाही, त्याची नोंद वेगळी होते.

२०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली.

यात एक गोष्ट बहुतेक बातम्यांत निसटते. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या माणसांची आहे. ज्यांनी कशालाच हात लावला नाही, ते या बेरजेत नाहीतच. २०१९ मध्ये शंभरातल्या ८१ बायकांनी त्या दिवशी घरकाम केलं होतं, आणि शंभरातल्या २६ पुरुषांनी. शंभर पुरुषांच्या गल्लीत २६ जण दीड तास राबले आणि ७४ जणांनी काहीच केलं नाही, तर ‘या गल्लीतले पुरुष दीड तास काम करतात’ असं आपण म्हणणार नाही. सगळ्यांना धरून हिशेब केला की बायकांची २४३ मिनिटं होतात आणि पुरुषांची २५. हा फरक मला २९९ आणि ९७ पेक्षा जास्त खरा वाटतो. थोडं कमी करणारे आणि अजिबात न करणारे, अशी दोन वेगळी माणसं त्यात दिसतात.

भरायला चाळीस मिनिटं, वाट बघायला चार तास

आता पाण्याकडं परत येते, कारण वाटणीचं सगळं कोडं त्यात आहे.

बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून येतं. आमच्या घरात मोटर लावून टाकी, मग खालचं बॅरल, मग प्यायच्या घागरी भरायला चाळीस मिनिटं पुरतात. पण आज पाणी सुटणार अशी कुणकुण लागली की कुणीतरी घरात थांबावंच लागतं. बाजाराला जायचं नाही, दवाखान्यात नंबर लावायचा नाही, दुपारी डोळा लागू द्यायचा नाही. चाळीस मिनिटांच्या कामानं चार तास बांधून घातलेले असतात. याला मी ‘बांधलेला वेळ’ म्हणते: हात रिकामे, पण जागचं हलता येत नाही.

घरातली कामं या नजरेनं बघा. काही सरकवता येतात. लाइटबिल आज नाही उद्या, गाडीचं काम रविवारी, टाकी धुणं महिन्यातून कधीही. काही अजिबात सरकत नाहीत: सकाळचा डबा, पाणी, रात्रीच्या भाकऱ्या, आजारी माणसाच्या गोळ्या. आमच्या घरात पुरुषांकडं असलेली जवळजवळ सगळी कामं सरकणारी निघाली आणि आम्हा बायकांकडची न सरकणारी. कामांची संख्या मोजली असती तर वाटणी फारशी वाईट दिसली नसती.

हे फक्त बायकांच्याच वाट्याला येतं असं नाही. माझा भाचा खानापूरकडचा, उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला आहे आणि तिघं मित्र खोली करून राहतात. पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. पण रात्रपाळी असलेला दिवसा घरात असतो, म्हणून पाणी कुणाच्याही पाळीला आलं तरी तोच उठायचा. त्याची झोप कुणी मोजलीच नव्हती. जे माणूस घरात असतं ते रिकामं समजलं जातं, हे खरं दुखणं आहे.

माझी धाकटी जाऊ घरात मशीनवर ब्लाऊज शिवते. तिकडं निपाणीत कितीतरी बायका घरात बसून विड्या वळतात, हजार विड्यांमागं मजुरी मिळते. दोघींचं काम पैशाचं आहे, तरी घरात चालतं म्हणून त्यातून कधीही उठवलं जातं. दार वाजलं, ऊठ. दूध ऊतू चाललं, ऊठ. शिवण अर्धंच का झालं, असं मात्र मग जावेलाच विचारतात.

शहरातल्या काही वॉर्डांत बऱ्याच वर्षांपासून चोवीस तास पाणी आहे. तिथं माझी मावसबहीण राहते. तिच्या घरात पाण्याच्या वाटणीवरून भांडण होत नाही, कारण ते काम उरलेलंच नाही. घरातल्या वाटणीचा काही भाग घराबाहेर, पाइपलाइनमध्ये ठरतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

‘सांगितलं असतं तर केलं असतं’

हे वाक्य मी नवऱ्याकडून शेकडो वेळा ऐकलंय, आणि ते मनापासून म्हणतात याबद्दल मला शंका नाही. अडचण ‘सांगण्यात’ आहे.

अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये जोडप्यांच्या मुलाखती घेऊन घरातल्या डोक्यानं करायच्या कामाचे चार भाग पाडले. काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का यावर लक्ष ठेवणं. त्यांना दिसलं की ठरवण्याचं काम बहुधा दोघं मिळून करतात, पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं जास्त करून बाईकडं असतं. ठरवताना दोघं असतात, म्हणून सगळंच दोघांनी केलं असं वाटत राहतं.

आमच्या आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, बीपीची गोळी घ्या. मेडिकलमधून पाकीट आणायला दहा मिनिटं लागतात आणि ते काम नवरा करायचा. पण पाकिटात तीनच गोळ्या उरल्यात, गुरुवारी संपणार, आणि गुरुवारी कोपऱ्यावरचं दुकान बंद असतं, हे कुणाच्या डोक्यात होतं? माझ्या. सर्वेक्षणात अर्ध्या तासाच्या रकान्यात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलं कामच लिहून घेतात. गोळ्या मोजायला अर्धं मिनिटही लागत नाही, म्हणून ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. पण ते दिवसभर चालू असतं, पतसंस्थेत पासबुकं भरताना आणि बसमध्ये उभं असतानासुद्धा.

वडगाव-खासबागेत मागावर वाढलेल्या माणसांना हे लगेच कळेल. घरातल्या बायका कांड्या भरून देतात, म्हणजे विणायचं सूत गुंडाळून देतात, तेव्हा माग चालतो. मोजलं जातं ते कापड, मजुरी ठरते ती कापडावर. एक दिवस कांड्या भरल्या नाहीत की माग थांबतो आणि तेव्हा सगळ्यांना कांड्या आठवतात.

यावर उपाय एकच मला पटलेला आहे: काम द्यायचं तर आठवण ठेवण्यासकट द्यायचं. आता आत्तींच्या गोळ्या पूर्णपणे नवऱ्याकडं आहेत. संपत आल्यात का ते बघणं, डॉक्टरांची तारीख, गोळी बदलली तर जुनी काढून टाकणं, सगळं. पहिल्या दोन महिन्यांत एकदा गोळी एक दिवस चुकली. मी आतून तळमळले, पण आठवण करून दिली असती तर काम पुन्हा माझ्याकडं आलं असतं. जिवावर बेतणारी गोष्ट असती तर मी बोललेच असते. ही तशी नव्हती. त्यानंतर त्यांनी फोनमध्ये गजर लावला आणि आजवर पुन्हा चूक नाही.

‘मदत’ हा शब्द मी घरात वापरायचा सोडला, तोही याच कारणानं. मदत करणारा हातभार लावून मोकळा होतो, जबाबदारी दुसऱ्याचीच राहते.

आपणच जास्त करतो, असं सगळ्यांनाच का वाटतं?

१९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरी सिकोली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं: घरातल्या अमुक गोष्टीत तुमचा वाटा किती? दोघांची उत्तरं मिळवली की बेरीज बहुतेक वेळा पूर्णाच्या वर जायची. गंमत म्हणजे हे नुसतं चांगल्या कामांपुरतं नव्हतं. भांडण कोण उकरून काढतं यासारख्या गोष्टींतही माणसं स्वतःचा वाटा जास्त धरत होती. म्हणजे हा नुसता बढाईचा मामला नाही. आपण केलेलं आपल्याला तपशिलानं आठवतं आणि दुसऱ्यानं केलेलं आपण बघितलेलंच नसतं.

म्हणून आठवणीवरून वाद घालू नये. आम्ही एक आठवडा जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून काढलं: कुणी, काय, किती वाजता. मला धक्का बसला तो भावजींच्या रकान्यात. मुलांना शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं, पहाटे दूध आणणं, रेशनच्या दुकानात थंब द्यायला आत्तींना घेऊन जाणं आणि रांगेत थांबणं, हे सगळं धाकटा दीर करत होता आणि मी ते कधी धरलंच नव्हतं. म्हणून सगळे सारखंच करतात असं मात्र नव्हे. कागदावर माझा आणि जाऊबाईंचा रकाना खालपर्यंत भरून मागं वळला होता.

निम्मं-निम्मं नव्हे, ज्याला जे कमी जड

कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, दोघांत वाटायचा तर एकानं कापावा आणि दुसऱ्यानं आधी उचलावा, हे आपण लहानपणी शिकलो. काम वाटणं याच्या उलट असतं: इथं प्रत्येकाला कमी हवं असतं. पण एक सोय आहे. एकाच कामाचा जडपणा सगळ्यांना सारखा नसतो.

मी आणि जाऊबाईंनी केलं ते असं. चार कामं घेतली आणि एकमेकींना न दाखवता शंभर गुण वाटले. जास्त नकोसं काम, त्याला जास्त गुण. मी भांड्यांना ४० दिले, कारण माझ्या हातांना साबणानं भेगा पडतात. पाण्याला २५, रात्रीच्या भाकऱ्यांना २०, बाजाराला १५. त्यांनी भाकऱ्यांना ४०, पाण्याला २५, बाजाराला २० आणि भांड्यांना फक्त १५. त्या म्हणाल्या, ‘भांडी घासताना निदान मला कुणी बोलवत नाही.’ मग भाकऱ्या आणि बाजार मी घेतला, भांडी आणि पाणी त्यांनी. माझ्या मापानं माझ्याकडं शंभरातले ३५ आले आणि त्यांच्या मापानं त्यांच्याकडं ४०. दोघींनाही निम्म्याहून कमी ओझं आलं, आणि यात कुणी कुणाला फसवलं नाही. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

तो कागद फ्रिजवर लावला आणि दोन दिवसांनी आत्ती म्हणाल्या, ‘घरात मोठी माणसं पाच आहेत, कागदावर दोनच नावं कशी?’ त्यांच्या तोंडून हे येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. जी वाटणी आम्ही इतक्या प्रेमानं केली होती, ती चुकीच्या रकमेची होती. दुसऱ्या खेपेला पाचही जण जेवणानंतर बसले. पाणी नवऱ्याकडं आणि भावजींकडं गेलं, ज्याची त्या दिवशी सुट्टी किंवा दुसरी पाळी असेल त्याच्याकडं. दोघांनी वॉल्व सोडणाऱ्याचा नंबर आपापल्या फोनमध्ये घेतला. आत्तींनी लसूण सोलणं आणि दळणाची आठवण स्वतःहून मागून घेतली.

‘पण तो दिवसभर बाहेर राबतो’

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. माझा नवरा फाउंड्रीत भट्टीपुढं उभा असतो. एप्रिल-मेमध्ये तिथून आलेल्या माणसाला लगेच भांडी घास म्हणणं हा अन्यायच. २०१९ च्या आकड्यांत पैशाचं काम करणाऱ्या पुरुषांचा त्या कामात सरासरी ४५९ मिनिटं वेळ गेला आणि बायकांचा ३३३. मग मोजायचं ते दोन्ही कामं मिळून. आणि याहून सोपं माप म्हणजे विसावा. रात्री साडेनऊला घरात कोण बसलंय आणि कोण उभं आहे, हे आठवडाभर बघा. कमावणारा सातला बसत असेल आणि घरातली बाई साडेदहाला, तर त्याचं बाहेरचं कष्टाचं काम धरूनसुद्धा साडेतीन तासांचा फरक उरतो. जिथं दोघंही कमावतात तिथं तर हा आक्षेप उभाच राहत नाही. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, आणि आमच्या पतसंस्थेत खानापूरच्या बाजूच्या दोघीजणी कामाला येऊ लागल्या. तिकिटाचं ओझं गेलं. घरी पोचल्यावर चूल मात्र त्यांचीच वाट बघत असते.

‘सरकार गृहिणीला दोन हजार देतं की’

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये रेशन कार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख असेल तिच्या खात्यात येतात. एका कार्डाला एकच बाई. आमच्याकडं त्या आत्ती आहेत, आणि पैसे त्यांच्या औषधाला आणि त्यांच्या हाताला मिळतात हे योग्यच आहे. पण ही घरकामाची मजुरी नाही. कोण किती राबतं हे त्यात कुणी विचारत नाही आणि त्यामुळं एक भांडंही इकडचं तिकडं होत नाही.

घरकामाला मोल आहे का, या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं मात्र दिलंय. अपघातात गृहिणी दगावली तर भरपाईसाठी तिचं उत्पन्न किती धरायचं, यावर ५ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी हेच २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडे दिले होते. घरकाम म्हणजे काहीच काम नाही, ही समजूत चुकीची आहे असं त्यांनी लिहिलं. मेल्यानंतर भरपाईत जे काम धरलं जातं, ते जिवंतपणी जेवणाच्या ताटाशी धरलं जाऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

‘बाई लावा आणि मोकळं व्हा’

परवडत असेल तर जरूर लावावी, आणि तिला रास्त पैसे आणि पगारी सुट्टी द्यावी. पण ती येणार कधी, न आल्यास काय, तिला आगाऊ किती दिले, हे सांभाळणं हेही एक काम आहे. तेही कागदावर कुणाच्या तरी नावावर पाहिजे.

‘घरात हिशेब आला की माया जाते’

हे आमच्या थोरल्या नणंदेचं म्हणणं, आणि ते प्रेमापोटी आहे. मी त्यांना एवढंच विचारलं की तुमची भिशी वीस वर्षं कशी टिकली? दर महिन्याला वही उघडते, पैसे मोजले जातात, नावं वाचली जातात, आणि त्याच बायका एकमेकींच्या बाळंतपणाला धावतात. वही बंद करून ‘सगळ्या आपल्याच आहेत’ म्हटलं असतं तर तीन महिन्यांत कुजबुज सुरू झाली असती. वही असते म्हणूनच उधार-उसनवार मन मोकळं ठेवून करता येतं. आमच्या फ्रिजवरच्या कागदानंतर मी जाऊबाईंची भांडी कितीदा तरी घासली असतील, त्यांची शिवणीची घाई असताना. आता मी ती घासते तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत असतं की ती त्यांची होती.

कागद कायमचा मात्र नसतो. पाळी बदलली, कुणी आजारी पडलं, मुलांच्या परीक्षा आल्या की तो फाडावा लागतो. गणपतीत तर तो चालतच नाही, अकरा दिवसांसाठी वेगळा करावा लागतो. पुढच्या महिन्यात नवऱ्याची सलग रात्रपाळी आहे, म्हणजे तो दिवसा घरात झोपलेला असणार आणि पाण्याची हाक पुन्हा त्यालाच उठवणार. त्या चार आठवड्यांचं पाणी कुणी घ्यायचं, यासाठी रविवारी जेवणानंतर बसायचं ठरलंय. भावजींनी सकाळचं कबूल केलंय, दुपारचं अजून कुणाच्याच नावावर नाही.